भोकाचा पैसा

१२ जानेवारी १९५८, रविवार

यांची मापाची वही आज पुन्हा काढली. मागची चाळीसेक पानं कोरी आहेत. हे गेल्यावर मुलानं, वासुदेवानं, दुकान चालवायला घेतलं तेव्हा नवी वही केली आणि ही मला राहिली. पुढच्या पानांवर बसवनगुडीतल्या निम्म्या पुरुषांच्या छात्या आणि बाह्या आहेत. मी अक्षरं शिकले ती याच पानांवर. हे टेप धरून आकडा सांगायचे, मी लिहायची. उंची, छाती, कंबर, गळा. मग वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचले, मग पुस्तकं. सुनेची, पुष्पावतीची, शाळा सगळी कन्नडात झाली, तिला मराठी अक्षर लागत नाही. वासुदेवाला वाचायला वेळ नाही. म्हणजे इथं मोकळेपणी लिहिता येईल.

परवा संक्रांत. नातवाचं, हरीचं, बोरन्हाण आहे. गेल्या वर्षी गोवर आला म्हणून राहिलं होतं. आता तो पावणेदोन वर्षांचा आहे.

शेजारच्या सुनंदाबाई बोरांत घालायला नवे पैसे घेऊन आल्या. चकचकीत, नखाएवढे. "कावेरीअक्का, शुभकार्याला ते काळे पडलेले जुने पैसे कशाला? हे बघा, सोन्यासारखे!"

वासुदेव मला म्हणाला, "आई, तूही बाहेर बस की."

सुनंदाबाई म्हणाल्या, "अय्यो, त्यांना कशाला संकटात घालतोस? त्या आतून बघतील."

पुष्पावती ऊस तोडत होती. तिनं मान वर केली नाही. मी आतून बघेन. तीन वर्षांत सवय झाली आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

न्हाण अर्धं राहिलं. चौथ्या बाईनं माप ओतलं, पोरांची झोंबाझोंबी झाली आणि हरीनं मुठीतलं तोंडात टाकलं. पोरीबाळी ओरडल्या, "गिळलं, गिळलं!" पुष्पावतीनं त्याला उलटा धरला. दोनदा खोकला, रडला, आणि मग उसाचा तुकडा मागायला लागला. म्हणजे खाली गेलं.

मी दाराच्या फटीतून बघत होते. बाहेर धावले नाही. आजी असून धावले नाही, हे लिहून ठेवते.

कोपऱ्यावरचे डॉक्टर बिंदुमाधव म्हणाले, "नवा पैसा ना? लहान आहे. दोन-तीन दिवसांत येईल बाहेर. केळी द्या, आणि रोज बघत चला."

बघायचं काम माझ्याकडे आलं. त्याला कोणाची हरकत नव्हती.

१७ जानेवारी

आला. सकाळी परसात काडीनं बघताना लागला. चिंच आणि राख लावून धुतला. पुष्पावती हसली, रडली, आणि तो पैसा देवघरात बाळकृष्णाच्या पायाशी ठेवला. वासुदेवानं दुकानातल्या कारागिरांना मैसूरपाक वाटला.

२० जानेवारी

सुनंदाबाई पुष्पावतीला अंगणात सांगत होत्या. मी डाळ निवडत होते, ऐकू आलं. "दार उघडं होतं ना आतलं? तरीच. नजर कोणाची पडली ते आपण बोलू नये. पण न्हाण मोडलं ते मोडलंच."

पुष्पावती म्हणाली, "असू दे हो अक्का, पोर बरं आहे."

तिनं बाजू घेतली असं म्हणायचं की नाही, ठरवता आलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

आज मी एक केलं ते फक्त इथं लिहिते.

रथसप्तमीपर्यंत न्हाण घालता येतं. ती उद्यावर आली. पुष्पावती सकाळी जयनगरला आईच्या नव्या घरी गेली होती. वासुदेव दुकानात. हरी माझ्यापाशी.

लढाईच्या दिवसांत यांनी लष्कराचे कपडे शिवले तेव्हा मजुरीत भोकाचे पैसे आले होते. त्यांतले पाच यांनी दोऱ्यात ओवून ओळंबा केला आणि मशीनच्या खिळ्याला टांगला. झग्याचा घेर सरळ पडतो का ते त्यानं बघायचे. हे गेल्यावर मी तो काढून चंचीत ठेवला. यांनी नातू पाहिला नाही. नातवानं यांच्या हातचं काही घेतलं नाही.

दोरा तोडला. चुरमुरे, चार बोरं आणि ते पाच पैसे मापात घेतले. हरीला परसात धुण्याच्या दगडाजवळ पाटावर बसवलं. नवे पैसे धोक्याचे होते, नखाएवढे. हे रुंद आहेत, पोराच्या गळ्यातून जाणारच नाहीत, असा मी विचार केला होता. डोक्यावरून ओतलं. असा हसला! "अज्जी, आणी, आणी." तीनदा ओतलं. आजोबांचं न्हाण आहे म्हणून त्याच्या कानात सांगितलं.

दुधवाल्यानं हाक मारली म्हणून भांडं घेऊन पुढं गेले. परत आले तर हरी खोकत होता, डोळे लाल, लाळ गळत होती. चुरमुरा अडकला असणार. पाठीवर थापटलं, पाणी पाजलं. थोडं बाहेर आलं, थोडं गेलं. मग शांत झाला.

आवरताना चारच पैसे सापडले. पाचवा घरंगळत मोरीत गेला असावा, मोरी पाटापासून हातभरावर आहे. वाईट वाटलं. चार पुन्हा दोऱ्यात ओवले.

पुष्पावती आल्यावर काही बोलले नाही. विधवेनं न्हाण घातलं हे तिला आवडायचं नाही, आणि सुनंदाबाईंच्या कानी गेलं तर गल्लीभर होईल.

२९ जानेवारी

हरी भात खात नाही. तोंडात घेतो आणि बाहेर काढतो. पुष्पावती म्हणते, "अत्ते, तुम्ही लाड करून ठेवलेत. दूध मिळतं म्हणून भात नको." दूध पितो, हळूहळू. नाचणीची पातळ आंबील पितो. दाढा येत असतील.

३ फेब्रुवारी

लाळ फार. उशीला डाग पडतात. निजला की खोकतो, बसवला की थांबतो. सुनंदाबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका सगळ्यांना लागला. त्या म्हणाल्या, "बघा, किती कडक दृष्ट!" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घरातलीच असते कधी कधी."

८ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टर घरी आले. घसा पाहिला, छाती तपासली. विचारलं, "काही गिळलंबिळलं नाही ना?"

पुष्पावती म्हणाली, "संक्रांतीला पैसा गिळला होता, पण आला की. दाखवते." ती देवघरातून नवा पैसा घेऊन आली. डॉक्टरांनी तो हातात घेतला, हसले, परत दिला. "मग ती शंका मिटली. टॉन्सिल सुजलेत. मिक्श्चर देतो. पातळच द्या काही दिवस."

मग माझ्याकडे वळले. "तुम्ही दिवसभर त्याच्याजवळ असता. आणखी काही पाहिलंत?"

मी नाही म्हटलं. खरंच आहे. मी पाहिलं ते खोकताना. गिळताना पाहिलेलं नाही.

१३ फेब्रुवारी

मिक्श्चर संपलं. फरक नाही. सदरा सैल दिसला म्हणून टेप घेतला. दिवाळीत यांच्याच टेपनं वासुदेवानं माप घेतलं होतं ते त्याच्याकडून विचारून घेतलं.

दिवाळी: छाती १९, कंबर १८½, गळा ९.
आज: छाती १७¾, कंबर १६½, गळा ८¼.

दोन वर्षांचं पोर कमी होत जातं असं मी या वहीत कुठंच पाहिलेलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहाटेपासून मनात होतं. मोरीवरची फरशी उचलली आणि हात घालून तळ काढला. केस, बोरांच्या दोन बिया, पुष्पावतीची एक कुडी, ती दिवाळीपासून शोधत होती. पैसा नाही.

वासुदेव दात घासत बाहेर आला. "आई, काय चाललंय हे? काय हरवलं?"

"तुझ्या वडिलांचं काही."

"मोरीत?"

"मोरीतच असणार."

तो म्हणाला, "सरी, असू दे. हात नीट धू."

तो गेल्यावर दोऱ्यातला एक पैसा सोडवला आणि मोरीच्या तोंडाशी टाकला. बादलीभर पाणी ओतलं. पैसा जागचा हलला नाही. दुसरी बादली ओतली. तिथंच.

पण त्या दिवशी कोणी जास्त पाणी ओतलं असेल. धुण्याचा दिवस होता. पैसा उचलून परत ओवला.

१७ फेब्रुवारी

पुष्पावतीला सांगायचं ठरवलं. ती हरीला चमच्यानं दूध पाजत होती. मी समोर बसले. म्हणाले, "पुष्पा." ती म्हणाली, "काय अत्ते?" तिच्या डोळ्यांखाली काळं झालं आहे. मी म्हणाले, "नाचणी संपत आली."

काय सांगणार होते? मोरीत पैसा नाही, एवढंच मला माहीत आहे.

१९ फेब्रुवारी

तसंच.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी लाळेत लाल तार दिसली. अंग तापलेलं. दूधही बाहेर आलं. वासुदेवानं दुकान बंद केलं, हरीला शालीत गुंडाळलं आणि टांगा आणायला धावला. मोठ्या हॉस्पिटलला नेलं. मी न विचारता टांग्यात बसले. चंची कमरेला होती.

वाटेत पुष्पावती एकदाच बोलली. "अत्ते, याचं काही बरंवाईट झालं तर मी काय करू?" तेव्हा तरी सांगायला हवं होतं. टांगा हलत होता, हरी कण्हत होता, आणि मी त्याच्या पायावर हात ठेवून बसून राहिले.

२२ फेब्रुवारी

आज फोटो काढला. क्ष-किरणाचा. तरुण डॉक्टरांनी काच उजेडासमोर धरून आम्हाला आत बोलावलं. बरगड्या काड्यांसारख्या. मध्ये, गळ्याच्या खाली, पांढरं गोल. त्या गोलाच्या मध्यात काळं गोल.

डॉक्टर म्हणाले, "हा भोकाचा पैसा आहे. अन्ननळीत आडवा बसलाय, आणि आज-काल बसलेला नाही. घरात होते का असे?"

वासुदेव म्हणाला, "नाही. हे पैसे आता कुठं..." आणि थांबला. त्याला मशीनचा खिळा आठवला असावा.

पुष्पावती म्हणाली, "आमचा पैसा नवा होता, डॉक्टर. तो आला. देवापाशी आहे."

मी चंची सोडली आणि दोरा टेबलावर ठेवला. चार पैसे. डॉक्टरांनी त्यांतला एक काचेवरच्या गोलाला लावून पाहिला. बरोबर बसला.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"पंचवीस जानेवारीला. शनिवारी. मी न्हाण घातलं. मी दूध घ्यायला गेले तेवढ्यात."

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

"आठ तारखेला विचारलं तेव्हा मनात येऊन गेलं. सोळा तारखेला माहीत झालं."

पुष्पावतीनं माझ्याकडे पाहिलं. तसं तिनं कधी पाहिलं नव्हतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणाले, "नवा पैसा लहान, तो गेला. हा बरोबर अडकण्याच्या मापाचा. पहिल्या आठवड्यात आणला असतात तर काढून दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं. भोकातून दूध जात राहिलं म्हणून पोर आजवर टिकलं. आणि त्यामुळेच कोणाच्या लक्षात आलं नाही."

२४ फेब्रुवारी

बेशुद्ध करून, दिव्याची नळी घशात घालून पैसा काढला. सव्वा तास लागला. काळाहिरवा झालेला. तो एका बाटलीत घालून वासुदेवाच्या हाती दिला. जिथं बसला होता तिथली भिंत सडली आहे म्हणाले. भोक पडलेलं असू शकतं. आता तोंडानं काही नाही, पाण्याचा थेंबही नाही.

२ मार्च

छातीत पू झाला. बरगड्यांमधून नळी घातली. पोटातही एक नळी घातली आहे, तिच्यातून दूध सोडतात. दर चार तासांनी पेनिसिलिन. टोचायला जागा उरलेली नाही. हरी ओरडतो पण आवाज नीट येत नाही.

मला वॉर्डात सोडत नाहीत. म्हणजे पुष्पावतीनं सोडू नका म्हणून सांगितलं आहे. मी व्हरांड्यात बसते. वासुदेव जेवायला घरी जातो तेव्हा माझ्यासमोरून जातो. काल म्हणाला, "आई, तू मला एकदा म्हणाली असतीस तर मीच न्हाण घातलं असतं तुझ्यासोबत, सगळ्यांच्या देखत." मग म्हणाला, "तू मोरीत हात घालत होतीस आणि मी दात घासत होतो."

लाजेपायी सहा दिवस गप्प बसले. त्या आधीचे आठही धरावेत. सुनंदाबाई काय म्हणतील, ही ती लाज. पोराचा गळा एका बाजूला आणि ती लाज दुसऱ्या बाजूला होती. हे लिहिताना सोपं दिसतं. तेव्हा दोन्ही सारखंच वजनदार वाटत होतं.

९ मार्च

पू कमी. ताप एकशे एक.

सुनंदाबाई व्हरांड्यात आल्या. माझ्याजवळ बसल्या. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांनी डबा उघडला, "दोन घास खा, अक्का" म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. ज्यांच्या भीतीनं बोलले नाही त्या अशा. मला तो घास गिळवेना.

२१ मार्च, युगादी

ताप उतरला. गल्लीत सगळ्यांनी कडुनिंब आणि गूळ खाल्ला. आमच्याकडे चूल पेटली नाही.

डॉक्टर म्हणाले, जगेल. पण जखम भरताना अन्ननळी आवळत जाते. दर पंधरा दिवसांनी रबराच्या नळ्या घालून ती रुंद करावी लागेल. एक वर्ष, दोन वर्षं, जास्तही. घन पदार्थ कधी खाईल ते आज सांगता येत नाही.

६ एप्रिल, रविवार

हरी घरी आला. काडी झाला आहे. पोटाला नळी बांधलेली. मला पाहून "अज्जी" म्हणाला, आवाज फाटका. पुष्पावतीनं त्याला उचलून आत नेलं. दाराशी थांबून म्हणाली, "अत्ते, तुमच्या हातानं त्याला काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही."

"नाही देणार," मी म्हणाले.

१० एप्रिल

मी तांदूळ निवडत होते. हरी उंबऱ्यात येऊन बसला. "अज्जी, भात." मी सूप आत ठेवलं. "अज्जी, भात." तो रडला नाही, नुसता मागत राहिला. शेवटी मी परसात जाऊन उभी राहिले. धुण्याचा दगड तिथंच आहे. दुसरीकडे उभं राहायला जागा नाही.

१४ एप्रिल

आज पुष्पावतीला म्हणाले, "या वहीत सगळं आहे. तुला वाचून दाखवते." ती हरीच्या नळीत दूध सोडत होती. मी वाचलं. पंचवीस जानेवारी वाचली. आठ फेब्रुवारी वाचली. बिया आणि कुडी वाचली, बादल्या वाचल्या. "नाचणी संपत आली" इथं मी थांबले.

"वाचा," ती म्हणाली. "पुढचं वाचा."

टांग्यापर्यंत वाचलं. दूध संपलं. तिनं नळी बांधली, हरीचं तोंड पुसलं.

"तुम्हाला तारीख, वार, सगळं लिहिता येतं," ती म्हणाली. "ज्याच्यासाठी लिहायला पाहिजे होतं ते सोडून."

"हो."

"डॉक्टरांना रोजचा हिशेब पाहिजे. उद्यापासून तोंडानं चमचा चमचा द्यायचं आहे. किती दिलं, किती गेलं, किती बाहेर आलं. माझे हात मोकळे नसतात." ती उठली. "मी देईन. तुम्ही बघा आणि लिहा. आणि रोज मला वाचून दाखवायचं. काही सोडलेलं मी ऐकून घेणार नाही."

१५ एप्रिल

सकाळी सात. गाळलेलं दूध. सहा चमचे दिले. चार गेले, दोन बाहेर. खोकला एकदा.

अकरा. तांदळाची पेज, मलमलीतून गाळून. पाच चमचे. तीन गेले. पाचव्याला डोळे लाल झाले, थांबवलं.

चार. पेज. हरीनं माझ्याकडे बघून तोंड उघडलं. चमचा पुष्पावतीच्या हातात होता. चार गेले.

गळा ८.

संध्याकाळी वाचून दाखवलं. पुष्पावती म्हणाली, अकराचा खोकला राहिला. राहिला होता. लिहिला: अकरा वाजता, खोकला दोनदा.